नागपूर: नव्या मॉलमध्ये आई-बाबांसोबत पूर्ण दिवस, आणि बसायच्या जागेचा प्रश्न

रानजाई

मे महिन्यात नागपुरात दुपारी बारा ते साडेपाच म्हाताऱ्या माणसांनी जायचं कुठे? महाराजबाग, अंबाझरी, फुटाळा, सगळं ऊन कलल्यावर. 23 मे 2013 ला इथे 47.9 अंश तापमान नोंदलं गेलं होतं. तो विक्रमाचा दिवस झाला, पण नवतपात 44-45 आपल्याला नेहमीचंच. खिडक्या झाकायच्या, कूलर लावायचा आणि अंधाऱ्या खोलीत पडून राहायचं. माझे आई-बाबा सत्तरीपुढचे आहेत. मार्च संपला की आई बिल्डिंगच्या गेटपर्यंतसुद्धा जात नाही.

म्हणून गेल्या आठवड्यात दोघांना घेऊन शहरात नव्यानं उघडलेल्या मोठ्या मॉलमध्ये गेले. खरेदीचा बेत नव्हता. थंड जागी दिवस काढायचा, थोडं चालायचं, बाहेर जेवायचं, एवढंच. मॉलचं नाव लिहीत नाही, कारण मला जे म्हणायचं आहे ते बहुतेक सगळ्या मॉलना लागू आहे.

आधी चांगलं सांगते. सुभाषनगरहून मेट्रोनं निघालो, सीताबर्डीला ॲक्वा लाइन सोडून ऑरेंज लाइन धरली. बर्डी स्टेशनात लिफ्ट असल्यामुळे बाबांच्या गुडघ्यांना त्रास झाला नाही. स्टेशनपासून मॉलपर्यंत ई-रिक्षा केली. एवढ्याशा अंतरात तोंड भाजून निघालं. पण आत पाऊल टाकलं आणि आईनं डोक्यावरून घट्ट ओढून घेतलेला पदर खाली घेतला, म्हणाली, "चला, आता मी चालते." आणि खरोखर चालली. सपाट फरशी, खड्डा नाही, मागून हॉर्न नाही, रस्त्यात बसलेली गाय नाही. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, साड्यांच्या काचा बघत, प्रत्येक साडीला नाव ठेवत. घरी तिला अंगणात फेरी मारायला सांगितलं तर दमते. इथे तिला चालतोय हेच लक्षात आलं नाही. डॉक्टर महिन्यांपासून जे सांगत होते ते असं सहज झालं, आणि मला फार बरं वाटलं.

वॉशरूम स्वच्छ होतं आणि कमोडच्या बाजूला धरायला दांडा होता. ज्यांच्या घरी गुडघेदुखीचं माणूस आहे त्यांना या दांड्याची किंमत कळेल.

आता अडचण. बसायला जागा नाही. इतक्या मोठ्या इमारतीत तळमजल्यावर एकही बाक नव्हता. बसायचं तर कॉफीच्या दुकानात, म्हणजे आधी ऑर्डर. बाबा एका मोठ्या कुंडीच्या कठड्यावर टेकले तर गार्ड आला. नम्रपणे बोलला, पण उठवलंच. मग आम्ही एका कपड्यांच्या दुकानात शिरलो. तिथल्या मुलीनं बाबांकडे एकदा पाहिलं आणि ट्रायल रूमजवळचं स्टूल आणून दिलं. काही विकत घेणार का, हे तिनं विचारलंसुद्धा नाही. सरकत्या जिन्यावर पाय ठेवायला आई घाबरते, साडी अडकेल म्हणते. लिफ्ट मात्र मागच्या बाजूला एका बोळीत, आणि तिथे ढकलगाडीवाल्यांची रांग. फूड कोर्ट सगळ्यात वर. तिथे खुर्च्याच खुर्च्या. पण तिथे पोचेपर्यंत बाबांचा चेहरा उतरला होता.

पूर्ण दिवसाचा बेत होता, तीनच्या सुमारास परत निघालो. फक्त बसायला मिळालं नाही म्हणून.

मला विचारायचं आहे ते असं: आणखी कोणी घरच्या मोठ्या माणसांना नेलंय का? कुठल्या वेळी, कसं जमवलं? आणि बाकांची मागणी मॉलवाल्यांकडे कोणी केली आहे का?

पळसफूल

आम्ही सासूबाईंना नेहमी मंगळवार-बुधवारी नेतो, दुकानं उघडताना. रविवारी संध्याकाळी चुकूनही जाऊ नका, फूड कोर्टात उभ्यानं खावं लागतं. दुसरं म्हणजे बहुतेक मॉलमध्ये हेल्प डेस्कला व्हीलचेअर मिळते, ओळखपत्र ठेवून. बाबांना नको वाटेल, आमच्याही आईंना नको होती. पण खुर्ची सोबत ढकलत न्यायची आणि दमल्यावर त्यातच बसायचं. आपला बाक आपणच घेऊन फिरायचा.

इतवारीकर

धागा वाचून वाईट वाटलं. मॉलवर राग आहे म्हणून नाही. आपल्या शहरात बसायला मिळेल अशा बाजाराचा विसर पडत चाललाय, म्हणून.

आमचं तीन पिढ्यांचं कापडाचं काम. माझ्या आजोबांच्या दुकानात काउंटर नव्हता, गादी होती. पांढरी चादर, लोड, भिंतीला कपाटं. गिऱ्हाईक चपला काढून गादीवर बसायचं, आधी पाण्याचा तांब्या यायचा, मग विचारपूस, मग कापडाचे ताके उलगडायचे. लग्नाचा बस्ता बांधायला भंडाऱ्याहून, काटोलहून अख्खं घर यायचं आणि आजी सगळ्यात मध्ये बसलेली असायची. पसंती तिची. तिला गादीवरून उठायची गरजच पडायची नाही, माल तिच्यापर्यंत यायचा. गांधीबागेत आणि इतवारीत काही दुकानांत आजही गादी आहे.

मॉलमध्ये माल जागेवर असतो आणि माणूस फिरतो. आमच्याकडे माणूस जागेवर असतो आणि माल फिरतो. म्हाताऱ्या माणसांना कुठलं सोयीचं ते तुम्हीच सांगा.

रानजाई

>> माणूस जागेवर असतो आणि माल फिरतो

इतवारीकर, हे वाचून आईला दाखवलं. तिचा बस्ता गांधीबागेतच बांधला होता. किती वेळ गादीवर बसून होतो आणि कोणी कोणता शालू नाकारला ते सगळं तिनं सांगितलं.

पण एक गोष्ट मनापासून सांगते, राग मानू नका. माझ्या बहिणीच्या लग्नाच्या खरेदीला आम्ही बायका सकाळपासून इतवारीत होतो. तुमचा पाण्याचा तांब्या आला की आम्ही एकमेकींकडे बघायचो आणि नको म्हणायचो. प्यायलो तर जायचं कुठे? सराफा ओळीत नाही, किराणा ओळीत नाही. दुकानदाराच्या घरात आत सोडतील तर नशीब. बाजारात जायचं म्हणजे सकाळपासून पाणी बंद, हे नागपुरातल्या प्रत्येक बाईला पाठ आहे, आणि उन्हाळ्यात असं करणं धोक्याचं आहे. मॉलकडे बायका का वळल्या याचं एक मोठं कारण एसी नाही, वॉशरूम आहे.

तान्हुलीची आई

+1. अक्षरशः +1.

बाळ चार महिन्यांचं असताना बर्डीच्या मेन रोडवर त्याला भूक लागली. मी ऑटोत बसून, ओढणी घेऊन दूध पाजलं आणि ऑटोवाले काका पाठ करून उभे राहिले. देव त्यांचं भलं करो. आता मी बाळाला घेऊन मॉलशिवाय कुठेच जात नाही. तिथे दार लावून बसायला खोली आहे. मॉलबद्दल काही वाईट ऐकलं की मला ती खोली आठवते.

सडेतोड

मला एक समजत नाही. मॉल ही खाजगी मालमत्ता आहे. कोट्यवधी गुंतवले आहेत, एसीचं बिल ते भरतात. फुकट बसायला बाक द्यायची त्यांची जबाबदारी कशी? लोक एसी खायला येतील, घरचा डबा उघडतील आणि खरेदी शून्य. बाक, पाणी, स्वच्छतागृह ही महानगरपालिकेची कामं. तिथे मागा ना.

वास्तुरंग

सडेतोड, मागायचं दोन्हीकडे. पण मॉलकडे का मागायचं ते सांगतो. मी वास्तुविशारद आहे, व्यापारी संकुलांच्या आराखड्यांवर काम केलंय.

बाक नसतो तो विसरल्यामुळे नव्हे. मॉलचं उत्पन्न चौरस फुटाच्या भाड्यावर चालतं. रुंद पॅसेजमध्ये मध्यभागी जी जागा दिसते तिथे बाकही ठेवता येतो आणि मोबाइल कव्हर, परफ्यूम, कुल्फीचा ठेलाही. ठेला भाडं देतो. त्यामुळे आराखड्यात काढलेले बाक मॉल उघडल्यावर वर्षभरात एकेक करून ठेल्यांना जागा देतात. फूड कोर्ट सगळ्यात वर असतो कारण वर जाता-येता प्रत्येक मजल्यावरची दुकानं दिसावीत. वर जायचा सरकता जिना एका टोकाला आणि पुढच्या मजल्याचा दुसऱ्या टोकाला असतो, तोही याच कारणानं. मोठी नावाजलेली दुकानं दोन टोकांना, लहान दुकानं मधल्या वाटेवर. सगळी रचना माणसाला चालतं ठेवण्याची आहे. पंचविशीतल्या माणसाला हे जाणवतही नाही, सत्तरीतल्या माणसाला पहिल्या अर्ध्या तासात जाणवतं.

ज्या माणसानं हा प्रकार जगाला दिला त्याला मात्र हे असं नको होतं. व्हिक्टर ग्रूएन, व्हिएन्नाचा वास्तुविशारद, हिटलरच्या काळात 1938 मध्ये देश सोडून अमेरिकेत गेला. 1956 मध्ये मिनेसोटात त्यानं आराखडा केलेला साउथडेल मॉल उघडला. पूर्ण बंदिस्त, आत हवामान नियंत्रित असलेला तिथला हा पहिला मोठा मॉल. कारण तिथलं हवामान. हिवाळ्यात हाडं गोठवणारी थंडी, म्हणून छताखाली गावचौक. मधोमध उजेडाचं अंगण, झाडं, बसायची जागा. व्हिएन्नातल्यासारखं लोकांनी येऊन बसावं, भेटावं, ही त्याची कल्पना होती. पुढे तिचं जे झालं ते पाहून आपला त्याच्याशी संबंध नाही असं त्यानं जाहीरपणे सांगितलं.

मिनेसोटाला थंडीसाठी छप्पर लागलं, नागपूरला उन्हासाठी लागतं. आपल्याकडे मॉल चैनीचा नाही, हवामानाचा प्रश्न आहे असं मी मानतो.

आणि सडेतोड, तुमच्या धंद्याच्या मुद्द्याला धंद्यातलंच उत्तर. रानजाई तीन वाजता निघून गेल्या. बाबांना बसायला मिळालं असतं तर संध्याकाळचा चहा, नाश्ता, कदाचित आईला एखादी साडी, सगळं तिथेच झालं असतं. बाकावर बसलेल्या एका आजोबांमागे चार माणसं दुकानांत फिरत असतात.

उंबरठा

मी व्हीलचेअर वापरतो, बारा महिने. म्हणून हेल्प डेस्कच्या खुर्चीबद्दल थोडं. ती घेण्याआधी ब्रेक लागतात का आणि पाय ठेवायच्या पट्ट्या दोन्ही आहेत का ते बघा. उतारावर माणूस बसलेला असताना खुर्ची नेहमी उलटी, म्हणजे त्याची पाठ उताराकडे ठेवून खाली न्यायची. घरच्यांना हे कोणी सांगत नाही आणि माणूस पुढे कोसळतो.

रॅम्पचं साधं माप लक्षात ठेवा: 1 फूट चढायला किमान 12 फूट लांबी. प्रवेशद्वाराचा रॅम्प बहुतेक ठिकाणी ठीक असतो. पार्किंगमधून लिफ्टकडे जाणारा मात्र बऱ्याचदा घसरगुंडीसारखा असतो, कारण तो ट्रॉलीसाठी केलेला असतो.

>> ही खाजगी मालमत्ता आहे

2016 चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा खाजगी मालकीच्या पण लोकांसाठी खुल्या असलेल्या इमारतींनाही लागू आहे. सर्वोच्च न्यायालयानं नोव्हेंबर 2024 मध्ये राजीव रतुरी प्रकरणात स्पष्ट केलं की सुगम्यतेचे किमान नियम ऐच्छिक ठेवून चालणार नाहीत, ते बंधनकारक हवेत. मालक खाजगी असला तरी दार लोकांसाठी उघडलं की काही गोष्टी त्याच्या मर्जीवर राहत नाहीत. मला हे वारंवार गार्डला समजावावं लागतं, म्हणून इथे नीट लिहून ठेवतो.

पावतीदार

बाकांचा विषय सुरू राहू द्या, दिवसभरासाठी जाणाऱ्यांना दोन कामाच्या गोष्टी सांगतो.

पहिली, कापडी किंवा कागदी पिशवी. चंदीगडच्या ग्राहक मंचानं 2019 मध्ये एका बुटांच्या कंपनीला 3 रुपयांच्या पिशवीपायी 9,000 रुपये भरायला लावले होते. ग्राहकाच्या हातात स्वतःची जाहिरात देऊन वर त्याचे पैसे घेता येणार नाहीत, हा त्यातला मुद्दा. काउंटरवर भांडू नका, तिथली मुलं पगारी आहेत. पावतीवर पिशवीचे पैसे वेगळे दिसतात, ती पावती जपून ठेवा आणि तक्रार 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर करा.

दुसरी, पाणी. मॉलमधल्या सिनेमागृहात बाहेरचं खाणं आणू द्यायचं की नाही हे मालक ठरवू शकतो, पण पिण्याचं पाणी त्यानं मोफत द्यायला हवं, आणि तान्ह्या बाळाचं खाणं पालकांना नेता यायला हवं, असं सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी 2023 मध्ये सांगितलं आहे. तान्हुलीची आई, हे तुमच्यासाठी. फूड कोर्टात पाण्याचा कूलर असतो, बहुधा हात धुवायच्या बेसिनच्या पलीकडे. दिसला नाही तर विचारा. म्हाताऱ्या माणसांना घेऊन गेलात तर जेवणाच्या आधी तो शोधून ठेवा.

गिरणीचा भोंगा

वास्तुरंग यांचा प्रतिसाद वाचला आणि लिहायला बसलो.

माझे आजोबा एम्प्रेस मिलमध्ये कामगार होते. बाहेरगावच्या वाचकांसाठी: जमशेटजी टाटांनी जुम्मा तलावाजवळ, म्हणजे आजच्या गांधीसागरापाशी, दलदलीची जमीन घेऊन ही कापडगिरणी उभी केली. 1 जानेवारी 1877 ला ती सुरू झाली. त्याच दिवशी व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी जाहीर केलं, म्हणून नाव एम्प्रेस. मुंबई सोडून नागपूर निवडलं कारण कापूस इथे, कोळसा जवळ आणि रेल्वे आलेली. ती गिरणी गेली आणि त्या जमिनीवर आज जो मॉल आहे त्याचं नाव एम्प्रेसच आहे.

आजोबा त्या मॉलमध्ये पहिल्यांदा गेले तेव्हा मी सोबत होतो. त्यांना दुकानांत काही रस नव्हता. ते उभे राहून दिशा लावत होते: गेट इकडे, खातं तिकडे, पाळीचा भोंगा त्या बाजूला. लोकांना वाटलं म्हातारा वाट चुकला. एकानं येऊन विचारलंही, "काका, कुठे जायचंय?" ते म्हणाले, "कुठे नाही, इथेच."

त्यांचं नेहमीचं सांगणं होतं की टाटांनी कामगारांच्या सोयी कायदा यायच्या कितीतरी आधी केल्या. 1886 मध्ये पेन्शन फंड, 1895 पासून अपघाताची भरपाई. सूतगिरणीत हवा कोंदट आणि गरम, म्हणून हवा खेळती ठेवायची आणि आर्द्रता राखायची यंत्रं बसवली. कोणी मोर्चा काढून मागितलं नव्हतं. मालकाला दिसलं की माणूस तगला तर काम तगेल. सडेतोड, त्याच जागेवर दीडशे वर्षांपूर्वी एका खाजगी मालकानं केलेलं हे आहे.

आजोबांना त्या दिवशी बसायला मिळालं नाही, हे मात्र मला आज रानजाईंचं वाचताना आठवलं. आम्ही बाहेर येऊन चहाच्या टपरीवर बसलो.

सडेतोड

उंबरठा, कायद्याचा मुद्दा मान्य. रॅम्प आणि वॉशरूम द्यायलाच हवं.

बाकाबद्दल अजून पटलेलं नाही. बाक ठेवले की पोट्ट्यांचे घोळके येऊन बसतात, रील काढतात, आणि आजी-आजोबा उभेच. मग गार्डनं कोणाला उठवायचं, हा प्रश्न उरतोच. त्यापेक्षा दुकानांनी आपल्या आत दोन खुर्च्या ठेवाव्यात, त्या दुकानाच्या नजरेत राहतात. इतवारीकरांची गादी हेच करत होती.

इतवारीकर

सडेतोड यांनी माझ्या मनातलं लिहिलं. गादी दुकानाच्या मालकाच्या नजरेसमोर होती, म्हणून तिथे कोण बसायचं हे कधी भांडण झालं नाही.

रानजाई, पाण्याच्या तांब्याचं लिहिलंत त्यावर काल रात्री घरी बोलणं झालं. बायको म्हणाली, "हे मी वीस वर्षांपासून सांगून राहिली, तुम्हाला परक्या बाईनं सांगितल्यावर ऐकू आलं." आमच्या ओळीत जागा नाही हे खरं आहे. आठ-दहा फुटांची बोळ, दोन्हीकडे दुकानं, वरच्या मजल्यावर गोदामं. पण प्रत्येक चार-पाच दुकानांमागे एक न्हाणीघर कामगारांसाठी असतं, ते कुलपात असतं आणि घाण असतं. ते स्वच्छ ठेवून बायकांना द्यायचं ठरवलं तर नवी जागा लागत नाही. झाडणाऱ्या बाईचा पगार वाटून घ्यावा लागेल. व्यापाऱ्यांच्या बैठकीत मी हा विषय मांडणार आहे. अडचण कुठे येईल तेही मला दिसतंय: पैशावरून नाही, किल्ली कोणाच्या दुकानात ठेवायची यावरून. तरी मांडतो.

काउंटरवाली

मी इथे फक्त वाचते, आज पहिल्यांदा लिहून राहिली.

मी एका मॉलमध्ये कपड्याच्या दुकानात आहे. रानजाई ताई, तुमच्या बाबांना स्टूल देणारी मी नाही, पण आमच्या दुकानातही एक स्टूल आहे आणि ते गिऱ्हाइकासाठी आहे. आमाले त्याच्यावर बसता येत नाही. सकाळी साडेदहाला उभं राहायचं ते रात्री बंद होईपर्यंत. मध्ये अर्धा तास जेवण. दुकानात कोणी नसलं तरी उभंच. कॅमेरा आहे, बसलेलं दिसलं की फोन येते. आमच्यापैकी दोघींच्या पायाच्या शिरा फुगून वर आल्या आहेत, मी पट्टीवाले मोजे घालते. पाळीच्या दिवसांत ट्रायल रूमचं दार लावून दोन मिनिटं खाली बसून घ्यायचं, कोणी आलं की उठायचं.

तुमाले वॉशरूम चांगलं वाटलं, ते आहेच चांगलं. पण आमाले जायचं तर एकीला जागेवर ठेवून जावं लागते. त्याच्यामुळे आम्हीपण पाणी कमी पितो. इतवारीत बायका पाणी पीत नाहीत आणि मॉलमध्ये आम्ही पीत नाही.

म्हाताऱ्यांसाठी बाक मागा, जरूर मागा. आमचं पण लिहा.

वास्तुरंग

काउंटरवाली, लिहिलंत हे फार चांगलं केलंत. आणि हा प्रश्न सुटू शकतो, कारण दोन राज्यांनी तो सोडवायला घेतला आहे. केरळमध्ये कोळिकोडच्या मिठाई स्ट्रीटवरच्या दुकानांत काम करणाऱ्या बायकांनी वर्षानुवर्षं आंदोलन केलं. पी. विजी नावाच्या शिवणकाम करणाऱ्या बाईंनी संघटना बांधली. आधी स्वच्छतागृहासाठी, मग बसायच्या हक्कासाठी. 2018 मध्ये केरळनं दुकाने कायद्यात बदल केला आणि दुकानदारानं कामगारांना बसायची सोय देणं बंधनकारक केलं. 2021 मध्ये तमिळनाडूनं तसंच केलं. त्यात सांगितलंय की कामात संधी मिळेल तेव्हा बसता यावं, दिवसभर उभं राहावं लागू नये.

लक्षात घ्या, सुरुवात स्वच्छतागृहापासूनच झाली होती. या धाग्यावरही तसंच झालं.

तान्हुलीची आई

काउंटरवाली ताई, पुढच्या वेळी दुकानात गेले की मी आधी म्हणेन, "तुम्ही बसा, मी बघते माझं मी." आणि दुकानाच्या अभिप्राय वहीत तेच लिहीन. कॅमेऱ्यात बसलेली दिसली तर गिऱ्हाइकानं सांगितलं होतं म्हणा.

काउंटरवाली

असं कोणी म्हणत नाही हो ताई. म्हणालात तर लय बरं वाटेल. पण वहीतच लिहा, तोंडी सांगू नका. तोंडी सांगितलं तर मॅनेजर आमालेच विचारतो.

रानजाई

सगळ्यांचं वाचलं. बाबांनीही वाचलं, आणि स्टूल देणारी मुलगी स्वतः दिवसभर उभी होती हे कळल्यावर ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "पत्र लिही, सही माझी घे."

तर मॉलच्या व्यवस्थापनाला द्यायच्या पत्राचा मसुदा असा करतेय. प्रत्येक मजल्यावर लिफ्टजवळ आणि वॉशरूमच्या बाहेर पाठ आणि हात असलेले बाक. हात हवेतच, त्याशिवाय गुडघेदुखीच्या माणसाला उठता येत नाही. त्यावर ज्येष्ठ, गर्भवती आणि दिव्यांगांसाठी अशी पाटी, म्हणजे सडेतोड यांच्या घोळक्याच्या प्रश्नाला गार्डकडे उत्तर राहील. लिफ्टची दिशा दाखवणारे फलक प्रवेशद्वारापासून, मराठीत. ढकलगाड्यांसाठी माल न्यायची लिफ्ट वेगळी. पाण्याचा कूलर प्रत्येक मजल्यावर. आणि भाडेकरू दुकानांनी कर्मचाऱ्यांना बसायला स्टूल द्यावं, वॉशरूमसाठी जागेवर बदली माणूस द्यावा, ही विनंती मॉलनं सगळ्या दुकानांना लेखी पाठवावी. यात कुठल्याही दुकानाचं किंवा मुलीचं नाव येणार नाही.

उंबरठा, पार्किंगच्या रॅम्पचं माप तुम्ही सोबत येऊन घेऊ शकाल का? तुमच्याशिवाय ते नीट होणार नाही. इतवारीकर, बैठकीच्या आधी बायकांच्या सह्या लागल्या तर आईच्या भजनी मंडळातल्या सगळ्या देतील. त्या सगळ्यांची लग्नं तुमच्याच बाजारातून झाली आहेत.

उंबरठा

येतो. मंगळवारी सकाळी चालेल, पार्किंग रिकामं असतं. मोजपट्टी आणि पातळी बघायचं यंत्र माझ्याकडे आहे. मसुद्यात अजून एक घाला: दिव्यांगांच्या वॉशरूममध्ये झाडू, बादल्या आणि पुठ्ठ्याची खोकी ठेवू नयेत. मी उघडलेल्या निम्म्या दारांमागे तेच असतं.

रानजाई

घातलं. मंगळवारी अकराला, मेट्रो स्टेशनच्या लिफ्टजवळ. बाबा पण येतायत, पळसफूल यांच्या सल्ल्यानं हेल्प डेस्कची खुर्ची घ्यायला तयार झालेत.